त्रिनिदादची पायी खाद्ययात्रा

खाण्यापिण्याचा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आणावा की नाही, अशी शंका काही मंडळींना येईल. जेथे देशाचे अर्थकारण, संतवाङ्मय, विज्ञान आणि राज्यघटना यांची चर्चा व्हावयाची, तेथे भजी आणि पोळी यांचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. ज्याने उभी हयात मजुरीचे दर, महागाईभत्ता आणि बोनस यांची गणिते मांडण्यात घालविली, त्याला हा विषय परका नाही. त्या सर्व गणितांच्या तळाशी एकच प्रश्न असतो : कामगाराच्या डब्यात काय आहे? डब्यात काय आहे हे एकदा नीट पाहिले, म्हणजे तो डबा भरणारा मनुष्य कोठून आला, त्याला कोणी आणले आणि काय मजुरी दिली, हेही हळूहळू दिसू लागते.

परदेशच्या शहरांतून आता ‘फूड टूर’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे. आठदहा प्रवासी ठरलेल्या जागी जमतात. एक वाटाड्या त्यांना बरोबर घेऊन तीनचार तास पायी हिंडवितो. वाटेत पाचसहा ठिकाणी थांबावयाचे, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे खावयाचे, आणि त्या पदार्थाची हकीकत ऐकावयाची. पैसे आगाऊ भरलेले असतात, त्यामुळे गाडीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रश्न येत नाही. हा झाला त्याचा सांगाडा. त्यात जीव असतो तो वाटाड्याच्या तोंडच्या माहितीत आणि ऐकणाऱ्याच्या कुतूहलात. या दोन्ही गोष्टी नसतील तर ही फेरी म्हणजे चार ठिकाणी उष्टावणे एवढेच होते. त्या असतील तर मात्र दोनचार मैलांत तीनशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झालेले असल्यामुळे रस्त्यावर मिळणाऱ्या शिक्षणाविषयी आम्हांस पहिल्यापासून आदर आहे. म्हणून कामगार चळवळीच्या निमित्ताने त्रिनिदाद बेटावर जाणे झाले तेव्हा अशा एका फेरीत आम्हीही सामील झालो. तीत काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय, हे येथे सांगावयाचे आहे.

आधी बेटाची थोडी ओळख करून घेऊ. नकाशावर कॅरिबियन समुद्रातील बेटांची माळ दक्षिणेकडे जेथे संपते, तेथे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून त्रिनिदाद आहे. व्हेनेझुएलाचा किनारा जवळच्या ठिकाणी अवघा सुमारे ११ किलोमीटर दूर. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे गोव्याच्या सव्वापटीहून थोडे अधिक. शेजारच्या टोबॅगोसह या देशाची लोकसंख्या सुमारे १४ लाख आहे. कोलंबस येथे १४९८ साली आला. १७९७ पर्यंत स्पेनचा अंमल होता, नंतर इंग्रजांचा; ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला. राजधानीचे नाव पोर्ट ऑफ स्पेन. राज्य स्पेनचे, मळेवाले बरेचसे फ्रेंच, नंतर सरकार इंग्रजांचे, आणि राबणारे हात प्रथम आफ्रिकेचे व मागाहून हिंदुस्थानचे, असा हा चमत्कारिक मेळ आहे. तो कोर्टकचेऱ्यांच्या कागदांत जितका सापडतो तितकाच तेथील ताटातही सापडतो.

या मेळाचे कारण एका शब्दात सांगावयाचे तर ऊस. साखरेच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण उमेदवारीच्या नावाखाली तेच काम आणखी चार वर्षे चालू राहिले; खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजी झाली. मोकळा झालेला माणूस जुन्या मालकाकडे जुन्या मजुरीवर राबावयास तयार होईना. मालकांनी त्याची मजुरी वाढवावयाची, की दुसरीकडून स्वस्त मजूर आणावयाचा? मालकवर्गाने याचे उत्तर काय दिले असेल हे ज्यांनी एखादा संप जवळून पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. १९१७ पर्यंत हा ओघ चालू होता, आणि तोवर सुमारे १,४४,००० हिंदी मजूर त्या एका बेटावर उतरले होते. पाच वर्षांचा करार, मळा सोडून बाहेर जावयाचे तर परवाना, आणि परवान्याशिवाय सापडल्यास शिक्षा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले ती हीच पद्धत.

आमची फेरी सुरू झाली ती शहराच्या पश्चिम भागातील सेंट जेम्स या वस्तीत. येथे पूर्वी मळा होता; त्याचे नाव पेरू. करार संपलेल्या हिंदी मजुरांनी या बाजूस घरे बांधली. आजही गल्ल्यांच्या पाट्या वाचीत चालले तर कलकत्ता, मद्रास, दिल्ली, बॉम्बे, गँजेस अशी नावे लागतात. मोहरमचे ताबूत येथे अजून निघतात. त्याला ते ‘होसे’ म्हणतात, आणि ढोल वाजविणाऱ्यांत सर्व धर्मांचे आणि सर्व वर्णांचे लोक असतात. आमची वाटाडी तिशीतली एक बाई होती. तिचे पूर्वज चौथ्यापाचव्या पिढीमागे बिहारच्या बाजूने आलेले. घरात इंग्रजीच बोलतात. पण नात्यांचे शब्द टिकले आहेत. वडिलांच्या आईला ती ‘आजी’ म्हणते आणि आईच्या आईला ‘नानी’. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ‘माझी आजी’ असे शब्द कानी पडले की मराठी माणूस चमकल्यावाचून राहणार नाही. परंतु ही आजी भोजपुरी आहे. त्रिनिदादला गेलेले मजूर बहुतेक कलकत्त्याच्या आणि थोडे मद्रासच्या बंदरातून गेले. मुंबईहून मजुरांची जहाजे गेली ती मॉरिशसला, आणि मराठी घराणी आजही नांदत आहेत ती तेथे. हा भेद ध्यानात ठेवणे जरूर आहे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिला मुक्काम ‘डबल्स’च्या गाडीपाशी. सकाळी सातसाडेसातची वेळ. गाडीभोवती कचेरीला जाणारे, शाळेची पोरे, रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी, सगळे उभे. हळद घातलेल्या आंबवलेल्या मैद्याच्या तळहाताएवढ्या मऊ तळलेल्या चकत्या असतात, त्यांना ‘बारा’ म्हणतात. अशा दोन बाऱ्यांमध्ये रस्सेदार छोले, वर चिंचेची चटणी, कैरीचा ‘कुचेला’, काकडीचा कीस आणि मिरचीचा ठेचा. विक्रेता हे सर्व कागदावर घेऊन, दोन टोकांना पीळ देऊन, पाहता पाहता हातात ठेवतो. तिखट किती, एवढेच तो विचारतो. ‘थोडे’ म्हटले तरी जपून असावे. मोरुगा या त्रिनिदादी गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक मिरची २०१२ साली जगातील सर्वांत तिखट ठरली होती.

या पदार्थाचा जन्म दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन या उसाच्या मुलखातील गावात १९३६ च्या सुमारास झाला आणि तो डीन नावाच्या कुटुंबाने केला, असे सांगितले जाते. पूर्वी एकाच बाऱ्यावर चणे घालून देत. गिऱ्हाईक म्हणू लागले, ‘बारा डबल कर’; त्यावरून नाव पडले डबल्स. उसाच्या मळ्यावरच्या आणि तेलाच्या विहिरीवरच्या माणसाला पहाटे कामावर जाताना उभ्या उभ्या खाता यावे, ताटवाटी लागू नये, दोनचार पैशांत पोट भरावे, ही त्या पदार्थाची घडण आहे. आपल्याकडे गिरणीच्या फाटकावर वडापावाने जी कामगिरी बजावली तीच येथे डबल्सने बजावली. आज बँकेचा अधिकारीही मोटार थांबवून तेच खातो. परंतु गाडीवाल्याचा दिवस मात्र पूर्वीसारखाच आहे. रात्री चणे भिजत घालावयाचे, मध्यरात्र उलटल्यावर उठून ते शिजवावयाचे, पीठ मळावयाचे, तळण काढावयाचे, आणि उजाडण्यापूर्वी गाडी उभी करावयाची. बायको, मुलगा, सून सगळे त्यात. आम्ही त्याला विचारले, ‘किती तास काम होते?’ तो हसून म्हणाला, ‘ते मोजले तर धंदा बंद करावा लागेल.’ घरच्यांच्या श्रमाची किंमत हिशेबात धरावयाची नाही, या एकाच पायावर जगभरचे स्वस्त खाणे उभे आहे.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या पदार्थाला सारे बेट आपला मानते, त्याचा गहू त्या बेटावर पिकत नाही आणि हरभराही बाहेरून येतो. सुपीक जमीन शेदीडशे वर्षे उसाखाली ठेवली. लोकांच्या पोटाला लागणारे धान्य मात्र बोटीने आणले. मळेवाल्यांचे अर्थशास्त्र कसे होते हे समजून घ्यावयास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

तेथून चारशे पावलांवर तळणीचे पदार्थ विकणारी एक बाई बसते. तिच्या काचेच्या पेटीत ‘फुलौरी’ होती, वाटाण्याच्या डाळीच्या पिठाची गोल भजी. वांग्याची ‘बैगनी’ होती. आणि ‘सहीना’ होती. सहीना म्हणजे अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेल्या वड्या. मराठी वाचकाला यावर अधिक सांगावयास नको. आपल्या अळूवडीत गूळचिंच असते, त्यांच्या वडीत ती वरून चटणीच्या रूपाने येते, एवढाच फरक. बेसनाऐवजी वाटाण्याच्या डाळीचे पीठ का? कारण तीच डाळ स्वस्त आणि तीच मिळत होती. कोथिंबिरीऐवजी लांब पानांची, उग्र वासाची एक रानवनस्पती त्यांनी घेतली. तिला फ्रेंच-क्रिओल मंडळी ‘शॅडो बेनी’ म्हणतात आणि हिंदी मंडळी ‘बनधनिया’. घरची वस्तू मिळेना तेव्हा रानातली हुडकली आणि तिला घरचे नाव दिले. आम्हांस त्या एका नावात फार मोठी हकीकत दिसली.

तिसरा मुक्काम रोटीच्या दुकानात. येथे दोन प्रकार मुख्य. एक ‘दालपुरी’. वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून, जिरे घालून ती कणकेत भरावयाची आणि पातळ लाटून मोठ्या तव्यावर भाजावयाची. पुरणपोळीतला गूळ काढून जिरे घातले म्हणजे जे होईल ते. त्यात बटाट्याची, भोपळ्याची किंवा मटणाची रस्साभाजी ठेवून चारी बाजूंनी घडी घालतात; मग ती हातात धरून खाता येते आणि कामावर नेता येते. दुसरा प्रकार पदर सुटणारा पराठा. तो तव्यावरच लाकडी उलथण्यांनी कुटून त्याच्या चिंध्या करतात. फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका शर्ट. दुकानात तवा, बेलना, मसाला हे शब्द तर ऐकू येतातच. पण डाळीला फोडणी द्यावयाची तर तेथील आफ्रिकी वंशाची स्वयंपाकीणही इंग्रजी वाक्यात ‘छौंके’ असे क्रियापद घालते. ज्यांच्या भाषेला शाळेत जागा नव्हती त्यांनी ती चुलीपाशी सांभाळली.

ही चूल कोठे होती हेही सांगितले पाहिजे. मळ्यावरच्या मजुरांना पूर्वीच्या गुलामांच्या धर्तीच्या लांबच लांब बराकी दिलेल्या असत. एकेक खोली सुमारे दहा फूट लांबरुंद; मधल्या भिंती छपरापर्यंत न गेलेल्या, त्यामुळे एका खोलीतले बोलणे सगळ्या बराकीला ऐकू जाई. स्वयंपाक दाराबाहेरच्या पडवीत. नव्या मजुराला तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा मळ्यावरून मिळे आणि त्याचे पैसे मजुरीतून कापून घेत. गिरणगावातल्या चाळीची दहा बाय बाराची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बराकीचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास कष्ट पडणार नाहीत. अशा पडवीत शेजारी कोण शिजवीत बसला आहे याची निवड करता येत नाही. जहाजावरच सोवळेओवळे पुष्कळसे गळून पडले होते. एका जहाजातून आलेले ते ‘जहाजी भाई’, हे नवे नाते जातीपेक्षा बळकट ठरले. बराकीत उरलेसुरले गेले. आज ज्याला आपण त्रिनिदादचा स्वयंपाक म्हणतो तो या सक्तीच्या शेजारातून निघालेला आहे. म्हणून त्याचे कौतुक करावे. सक्तीचे करू नये.

रस्त्याने पुढे जाताना नेपाळ स्ट्रीट नावाची गल्ली लागते. तेथील २६ क्रमांकाच्या लहानशा घरात व्ही. एस. नायपॉल यांचे पौगंडवय गेले; त्यांना २००१ साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीचा सगळा विषय म्हणजे गिरमिटियांच्या वंशातला एक माणूस स्वतःच्या मालकीचे घर मिळविण्यासाठी करीत असलेली धडपड. बराकीनंतरची पिढी घरासाठी का इतकी झुरली हे त्या गल्लीत उभे राहिले म्हणजे कळते.

सेंट जेम्स संपून पूर्वेस वुडब्रुक लागते. हाही एकेकाळचा उसाचा मळाच. १८९९ साली तो सीगर्ट घराण्याने विकत घेतला. या घराण्याच्या मूळ पुरुषाने १८२४ साली व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा गावी एक कडू औषधी अर्क तयार केला होता. १८७५ साली त्याचा कारखाना त्रिनिदादला आला, आणि आज जगभरच्या मद्यगृहांत त्याच्या बाटल्या असतात. वुडब्रुकच्या कित्येक रस्त्यांना त्या घराण्यातील मुलामाणसांची नावे आहेत. मजुरांच्या वस्तीतील गल्ल्यांना त्यांच्या सुटलेल्या मुलखाची नावे मिळाली, आणि मालकाच्या वस्तीतील गल्ल्यांना मालकाच्या मुलांची.

येथे आम्हांला मिळाले ते खारवलेल्या माशाचे ‘बुलजोल’ आणि त्याबरोबर ‘बेक’ नावाची जाड पोळी. खारवलेला कॉड मासा हा उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रातला. येथे चोहोकडे ताजी मासळी असताना तो पिंपांत भरून आणीत, कारण गुलामाला घालावयाचे स्वस्तात स्वस्त अन्न ते होते. तीच गोष्ट नीरफणसाची. कोकणातल्या मंडळींना हे फळ माहीत आहे. गुलामांच्या पोटाची सोय स्वस्तात व्हावी म्हणून त्याची रोपे पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरून या बाजूस मुद्दाम आणली गेली. कॅप्टन ब्लाय याने ती १७९३ साली सेंट व्हिन्सेंट आणि जमैका येथे पोहोचविली. आज खारा मासा कांदा, टोमॅटो, मिरची आणि तेल यांच्या संगतीने रविवारच्या न्याहारीचा मान मिळवून बसला आहे. अपमानाच्या अन्नाला इतकी चव आणणे हे केवढे कर्तृत्व! परंतु ती चव आणणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही रस्त्याला दिलेले आम्हांस दिसले नाही.

फेरीचा शेवट बंदरावर. तेथे एका मोठ्या मंडपात ओळीने स्वयंपाकिणींचे गाळे आहेत. या जागेला लोक ‘ब्रेकफास्ट शेड’ म्हणतात. १९२१ साली ऑड्री जेफर्स या कृष्णवर्णी बाईंनी स्त्रियांची एक समाजसेवक संस्था काढली, आणि १९२६ साली त्या संस्थेने शहरातल्या गरीब शाळकरी मुलांसाठी पहिली अन्नशाळा उघडली. तिला म्हणत ‘ब्रेकफास्ट शेड’, आणि तेच नाव बंदरावरच्या या मंडपाला आहे. आम्ही जेवलो तो भात, मासळी, शिजविलेली कंदमुळे आणि ‘कलालू’. कलालू म्हणजे अळूची पाने, भेंडी, नारळाचे दूध, मिरची, जमल्यास खेकडा, हे सर्व शिजवून घोटलेले. आपले अळूचे फदफदे आठवल्याशिवाय राहत नाही. पण हा पदार्थ आफ्रिकी चुलीवरून आला आहे. सहीनातही अळू आणि कलालूतही अळू. एकाच पानावर दोन खंडांतल्या मजुरांचे हात पडले. कंदमुळांना ते ‘प्रोव्हिजन’ म्हणतात. गुलामांना स्वतःच्या पोटापुरते पिकविण्यासाठी जे तुकडे तोडून दिले जात त्यांना ‘प्रोव्हिजन ग्राउंड’ असे नाव होते, ते अजून भाजीच्या टोपलीला चिकटून आहे.

याच बंदरातील गोदी कामगारांनी १९१९ साली मोठा संप करून मजुरी वाढवून घेतली. शहराच्या पश्चिमेस समुद्रात नेल्सन नावाचे एक लहान बेट आहे. १८६६ पासून येणाऱ्या प्रत्येक हिंदी मजुराला प्रथम तेथे उतरवून, तपासून, मग मळ्यांवर वाटून देत. दुसऱ्या महायुद्धात त्याच बेटावर सरकारने एका माणसाला स्थानबद्ध करून ठेवले; त्याचे नाव ट्यूबल युरायाह बटलर. हा ग्रेनाडाहून आलेला, तेलखाणीत पाय अधू झालेला कामगार. १९ जून १९३७ रोजी फैझाबाद येथे (हेही गाव अवधच्या नावाचे!) सभेत भाषण करीत असताना पोलीस त्याला पकडावयास आले, आणि तेलखाणींतून सुरू झालेला संप उसाच्या मळ्यांपर्यंत पेटत गेला. त्या वणव्यातून तेलखाण कामगारांची आणि साखर कामगारांची अशा दोन संघटना उभ्या राहिल्या. दोहोंचे नेतृत्व एड्रियन कोला रीएन्झी या वकिलाकडे आले. त्याचे जन्मनाव कृष्ण देवनारायण. तेलावर मुख्यतः आफ्रिकी वंशाचे आणि उसात हिंदी वंशाचे कामगार, अशी मालकांनी जपलेली फाळणी त्या वर्षी काही काळ तरी पुसली गेली. १९७३ पासून १९ जून हा तेथील कामगारदिन आहे. डबल्सचा जन्मही याच काळातला आणि याच दक्षिण मुलखातला, हे विसरू नये.

जेवताना आम्ही वाटाडीला तिच्या धंद्याविषयी विचारले. तिचे वडील कॅरोनी या सरकारी साखर कंपनीत होते. ती कंपनी २००३ साली बंद झाली आणि सुमारे ९,००० कामगार एकदम घरी बसले. त्यांना दोनदोन एकर जमीन देण्याचे वचन होते. तिच्यासाठी कित्येकांना वर्षानुवर्षे आणि कोर्टापर्यंत झगडावे लागले. मुलगी आता त्याच उसाची कहाणी परदेशी पाहुण्यांना सांगून पोट भरते. फेरी निघाली तर पैसे, न निघाली तर नाही. आजारी पडली तर भरपाई नाही. गाडीवाल्यांना तिचा मालक बाजारभावाने पैसे देतो, फेरीच्या फीतला वाटा नाही. ही तक्रार म्हणून ती सांगत नव्हती. आम्ही विचारले म्हणून सांगत होती. पन्नास तऱ्हेच्या धंद्यांतले हिशेब पाहिलेल्या माणसाला त्यात नवे काही नव्हते. परंतु ज्या बाईच्या ज्ञानाशिवाय ती फेरी म्हणजे नुसती चाल होईल, तिलाच त्या धंद्यात रोजंदारीची जागा असावी, याकडे डोळेझाक करून हात धुवून उठता येत नाही.

परदेशी गेलेला हिंदी माणूस असे पदार्थ पाहून चटकन म्हणतो, ‘अहो, हे तर आपलेच! आपण जग जिंकले!’ आमचे म्हणणे असे की हा हक्क सांगताना जरा थांबावे. ही माणसे दिग्विजयाला निघाली नव्हती. दुष्काळ, कर्ज आणि दलालांची भूल यांनी ती बोटीवर चढली, आणि मागे राहिलेल्या समाजाने बहुतांशी त्यांची आठवण टाकली. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली ज्यांनी घातली त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ साली औद्योगिक परिषदेत परदेशी जाणाऱ्या हिंदी मजुरांवर एक निबंध वाचला होता. देशात पोट भरत नसलेल्यांना बाहेर वाट मिळते, म्हणून त्यांचा कल त्या स्थलांतराला अनुकूल होता. त्यांचेच शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी मात्र १९१० साली नाताळला मजूर पाठविणे थांबविण्यासाठी आणि १९१२ साली ही पद्धतच मुळात बंद करण्यासाठी वरिष्ठ कायदे कौन्सिलात ठराव मांडले. १९१२ चा ठराव सरकारी मतांनी पडला. १९१५ साली गोखले वारले. मजूरभरती थांबली ती १९१७ साली. त्रिनिदादच्या गिरमिटियांशी महाराष्ट्राचे खरे नाते कोणते म्हणाल तर ते गोखल्यांच्या त्या पडलेल्या ठरावाचे आहे, अळूवडीचे नव्हे. गुरूने माणसांच्या पोटाकडे पाहिले, शिष्याने कराराच्या कलमांकडे पाहिले. दोन्ही पाहावी लागतात.

आता ज्यांना अशा फेरीला जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. वाटाड्या त्याच वस्तीतला आहे ना, हे आधी विचारावे. बाहेरचा माणूस पदार्थाची कृती सांगेल, घरची हकीकत सांगणार नाही. पोट रिकामे ठेवून जावे आणि प्रत्येक ठिकाणी अर्धेच खावे, नाहीतर तिसऱ्या मुक्कामालाच इतिहास ऐकू येईनासा होतो. पाणी जवळ असावे. तेथे जूनपासून डिसेंबरपर्यंत पावसाचा हंगाम, म्हणून छत्रीही असावी. गाडीवाल्याचा फोटो काढण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि त्याच्याकडून स्वतःच्या पैशाने काहीतरी विकत घ्यावे. वाटाड्याला बक्षिशी द्यावी, परंतु बक्षिशी म्हणजे वेतन नव्हे हे ध्यानात असू द्यावे. आणि प्रत्येक मुक्कामावर तीन प्रश्न विचारावेत : हा पदार्थ प्रथम कोणी, कोणत्या कामावर असताना खाल्ला? यातील धान्य आज कोठून येते? आणि तो करणाऱ्याच्या हाती संध्याकाळी काय उरते?

हे तीन प्रश्न त्रिनिदादपुरते नाहीत. आपल्याकडे दर हिवाळ्यात बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे उचल घेऊन कारखान्यांच्या मुलखात उतरतात. पाचटाच्या खोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर पहाटे भाकऱ्या होतात. त्या चुलीपाशी उभे राहून हेच विचारावयास बोटीचे तिकीट लागत नाही.